जिल्हा कृषी हवामान केंद्रे : बंद करण्याच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय हवामान विभागाने जानेवारी 2024 मध्ये एक पत्र काढून देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांत चालणारी 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे त्या आर्थिक वर्षाअखेर बंद करण्यास सांगितले. महाराष्ट्रात नंदुरबार, पालघर यांसारख्या जिल्ह्यांतील केंद्रांचाही त्यात समावेश होता. निवडणुकीच्या धामधुमीत या निर्णयाची फारशी चर्चा झाली नाही. मात्र विद्यापीठीय संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवणारी एक व्यवस्था त्या एका पत्राने मोडली गेली, आणि तिची झळ प्रत्येक खरीप हंगामात जाणवते आहे. कृषी विद्यापीठात अध्यापन व संशोधन केलेला एक निवृत्त शिक्षक या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे.

ही केंद्रे म्हणजे फार मोठा डोलारा नव्हता. प्रत्येक ठिकाणी एक कृषी हवामानशास्त्राचा विषय विशेषज्ञ आणि एक निरीक्षक अशी दोन माणसे, तीही कंत्राटी. त्यांच्या आवारात स्वयंचलित उपकरणे बसवलेली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान विभागाकडून पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल व किमान तापमान, आर्द्रता, वारा आणि ढगाळपणा यांचा अंदाज येई. विशेषज्ञ त्याची सांगड जिल्ह्यातील जमिनी, पिकांच्या अवस्था आणि किडींचा प्रादुर्भाव यांच्याशी घालून तालुकानिहाय कृषी सल्ला पत्रिका तयार करत असत.

वृत्तपत्रांतून जी कारणे पुढे आली त्यांनुसार नीती आयोगाची भूमिका अशी होती की हवामानाची आकडेवारी आता स्वयंचलित पद्धतीने गोळा होते, त्यामुळे प्रत्येक केंद्रावर माणसे नेमण्याची गरज उरलेली नाही. माझ्या मते निर्णयाची चूक नेमकी इथेच आहे. आकडे गोळा करणे हे त्या विशेषज्ञाचे मुख्य काम कधीच नव्हते. आकडा हाती आल्यानंतर त्याचे काम सुरू होत असे.

एक उदाहरण देतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुढील दोन दिवसांत 25 मि.मी. पावसाचा अंदाज आला, असे समजू. हा आकडा मोबाइलवर सर्वांना सारखाच दिसतो. पण ज्याचे सोयाबीन काढणीला आले आहे आणि जमीन भारी काळी आहे, त्याला आज काढणी करून ढीग ताडपत्रीखाली झाकायचा की दोन दिवस थांबायचे, हे ठरवायचे असते. शेंगा भिजून दाणे डागी झाले तर बाजारात भाव पडतो, आणि थांबलो तर शेंगा तडकण्याची भीती असते. त्याच गावात हलक्या, मुरमाड जमिनीवर तूर असलेल्या शेतकऱ्याला तोच पाऊस हवाहवासा वाटतो. तिसऱ्याने कपाशीवर फवारणीची तयारी केलेली असते आणि फवारणीनंतर काही तासांतच पाऊस आला तर औषध धुऊन जाऊन मजुरी आणि औषध या दोन्हींचा खर्च पाण्यात जातो. एकाच आकड्यातून या तिघांसाठी तीन वेगळे सल्ले निघतात, आणि ते देण्यासाठी त्या तालुक्यात या आठवड्यात कोणते पीक कोणत्या अवस्थेत उभे आहे हे पाहिलेला माणूस लागतो.

पेरणीचेही तसेच. 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, हे विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. परंतु रोहिण्या बरसल्या की शेजारच्याने तिफण धरली म्हणून आपणही धरावी असे प्रत्येकाला वाटते. अशा वेळी ओळखीच्या आवाजात, गावाचे नाव घेऊन आलेला सल्ला जो परिणाम करतो, तो सर्वसाधारण सूचनेने होत नाही. दुबार पेरणीचे संकट ज्याने एकदा सोसले आहे त्याला या फरकाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

या निर्णयाचे गांभीर्य कळण्यासाठी थोडा इतिहास आठवणे आवश्यक आहे आणि तो आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. हवामान विभागात कृषी हवामानशास्त्राची शाखा 1932 मध्ये पुण्यात डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. 1945 पासून शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून हवामान वार्तापत्र प्रसारित होऊ लागले. 1976 मध्ये राज्यांच्या कृषी विभागांच्या सहकार्याने राज्य पातळीवर सल्ला सेवा उभी राहिली, 1991 पासून कृषी हवामान विभागनिहाय, म्हणजे सारखे हवामान आणि जमीन असलेल्या पट्ट्यांनुसार, सल्ला देण्यास प्रारंभ झाला, 2008 पासून तो जिल्ह्यापर्यंत आला, आणि 2018 नंतर या जिल्हा केंद्रांमुळे तालुक्यापर्यंत पोहोचला. इतक्या दशकांत सरकारे अनेक बदलली, पण धोरणाची दिशा एकच होती, ती म्हणजे सल्ला शेतकऱ्याच्या अधिकाधिक जवळ नेण्याची. उरलेल्या जिल्ह्यांतही अशी केंद्रे उघडण्याची योजना होती. 2024 च्या पत्राने ही वाटचाल थांबवलीच, शिवाय ती मागे फिरवली.

केंद्रे बंद झाल्यावर काम संपले नाही, ते विद्यापीठांवर येऊन पडले. कृषी हवामान विभागनिहाय सल्ला देणारे देशातील 130 कक्ष अद्याप आहेत आणि त्यांपैकी बरेच राज्य कृषी विद्यापीठांत आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कक्षाकडे मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांची जबाबदारी आहे. परभणीत बसून भूम-परांड्याच्या हलक्या जमिनीसाठी आणि किनवटच्या जंगलपट्ट्यासाठी एकाच दिवशी तितक्याच बारकाईने सल्ला लिहिणे कोणत्याही अभ्यासू माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यातच राज्यातील चारही कृषी विद्यापीठांत, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे, मंजूर पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिक्त आहे. एकेका प्राध्यापकाकडे अध्यापन, संशोधन प्रकल्प, बीजोत्पादन आणि प्रशासकीय कार्यभार अशी तीन-चार कामे असतात. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही कृषी विद्यापीठांची तीन कर्तव्ये असून मनुष्यबळ कमी पडले की सर्वांत आधी विस्तार मागे पडतो, हे मी माझ्या नोकरीच्या काळात जवळून पाहिले आहे.

संशोधनाची हानी तर आणखी खोलवरची आहे. हवामान, पिकाची अवस्था आणि कीड यांचा परस्परसंबंध एका हंगामाच्या नोंदींतून सिद्ध होत नाही. सलग ढगाळ हवामान राहिले की तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव किती दिवसांनी आणि किती वाढतो, हे सांगण्यासाठी त्याच परिसरात अनेक वर्षे, न चुकता, हवामानाच्या नोंदीबरोबर पिकाचीही नोंद व्हावी लागते. स्वयंचलित केंद्र पावसाची नोंद करते. अळ्या मोजण्याचे, फुलोरा कधी आला आणि पाते किती गळाले हे लिहून ठेवण्याचे काम ते करत नाही. जिल्हा केंद्रांतून अशा स्थानिक नोंदी जमू लागल्या होत्या. पाच-सहा वर्षांनंतर, म्हणजे त्या उपयोगी पडण्याची वेळ येत असताना, त्या थांबल्या. मध्येच तुटलेली नोंदमालिका पुढे कितीही पैसा ओतला तरी भरून काढता येत नाही.

या सेवेच्या उपयुक्ततेचा पुरावा नव्हता, असेही म्हणता येणार नाही. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने मान्सूनचा अंदाज सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या ‘मान्सून मिशन’वरील गुंतवणुकीच्या लाभाचा अभ्यास करून 2020 मध्ये जो अहवाल दिला, त्यात कोरडवाहू भागातील दारिद्र्यरेषेखालील शेतकरी कुटुंबाला हवामानाच्या माहितीमुळे वर्षाला सुमारे 12,500 रुपयांचा लाभ होत असल्याचा अंदाज मांडला आहे. हा लाभ केवळ जिल्हा केंद्रांचा नव्हे, तर अंदाज आणि सल्ला या संपूर्ण साखळीचा आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण तो शेतकऱ्याच्या हातात पडायचा तर साखळीचे शेवटचे टोक शाबूत हवे.

पैसा नव्हता, असे कोणी म्हटले तर तेही पटत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता 2,000 कोटी रुपये मंजूर केले. रडार, उपग्रह, महासंगणक यांवरील खर्चाला माझा विरोध नाही, उलट अंदाज अधिक अचूक व्हावेत यासाठी ती गुंतवणूक आवश्यकच आहे. राज्याच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय उभी राहिलेली स्वयंचलित केंद्रेही उपयुक्त आहेत. माझा आक्षेप एवढाच आहे की ज्या वर्षी अंदाजाच्या उगमावर इतका खर्च करायचे ठरले, त्याच वर्षी तो अंदाज शेतकऱ्याला समजावून सांगणाऱ्या दोन कंत्राटी माणसांचे वेतन अनावश्यक ठरवले गेले.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या निर्णयाला आणखी एका धोरणबदलाची जोड मिळाली. राज्य सरकारने 2023 मध्ये सुरू केलेली एक रुपयातील पीक विमा योजना 2025 च्या खरिपापासून बंद केली. नव्या रचनेत भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर आधारली आणि स्थानिक नैसर्गिक आपत्ती, पेरणीच न होणे, काढणीनंतरचे नुकसान या बाबी वगळल्या. त्या योजनेत गैरप्रकार झाले होते आणि सुधारणेची गरज होती, हे मान्य आहे. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने काय हाहाकार केला, ते सर्वांनी पाहिले. नुकसानीनंतरचे संरक्षण कमी करायचे आणि नुकसान टाळण्यासाठीचा सल्लाही काढून घ्यायचा, हे दोन निर्णय दोन वेगळ्या कार्यालयांत झाले असतील, पण ते झेलणारा शेतकरी एकच आहे.

सर्वच केंद्रांचे काम सारख्या दर्जाचे होते, असा माझा दावा नाही. काही ठिकाणच्या पत्रिकांत गेल्या आठवड्याचाच मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा येत असे, काही ठिकाणी पद भरलेलेच नव्हते, आणि पत्रिका व्हॉट्सॲप गटांपलीकडे पोहोचत नाही ही तक्रारही रास्त होती. त्यावर उपाय मूल्यमापनाचा होता. कोणते केंद्र उपयुक्त, कोणते नाही, याची तपासणी राज्य सरकारे, कृषी विद्यापीठे आणि शेतकरी यांना सहभागी करून व्हायला हवी होती, आणि तिचा अहवाल जाहीर व्हायला हवा होता.

ही केंद्रे पुन्हा सुरू करण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या 2024 च्या उत्तरार्धात आल्या होत्या. तसे होत असेल तर ते स्वागतार्ह आहे, पण जुन्याच कंत्राटी पद्धतीने, एकेका वर्षाच्या मुदतवाढीवर ती उभी करू नयेत. कृषी हवामानशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली जी मुले-मुली या केंद्रांतून कमी केली गेली, त्यांपैकी अनेकांनी दुसरा व्यवसाय धरला असेल. पुढच्या तुकडीने हा विषय का निवडावा, याचे उत्तर त्यांच्या मार्गदर्शकांना देता आले पाहिजे.

माझी राज्यातील खासदारांना विनंती आहे की त्यांनी संसदेत या निर्णयामागील टिपणे आणि मूल्यमापन सभागृहापुढे ठेवण्याची मागणी करावी. राज्य सरकारने केंद्राच्या निर्णयाची वाट न पाहता, किमान कोरडवाहू आणि आदिवासी जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांत कृषी हवामान विशेषज्ञाचे एक नियमित पद स्वतःच्या निधीतून निर्माण करावे आणि त्याचा संशोधनाशी दुवा त्या त्या कृषी विद्यापीठाकडे सोपवावा. आणि बंद झालेल्या केंद्रांतील पीक व कीड नोंदी ज्या संगणकांत आणि वह्यांत पडून आहेत, त्या पुढील खरिपापूर्वी चारही विद्यापीठांनी ताब्यात घेऊन जतन कराव्यात. या शेवटच्या कामासाठी कोणत्याही नव्या मंजुरीची गरज नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कृषी संशोधक, परभणी