गोल्फच्या मैदानावर महिलांसाठी एक सकाळ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोल्फचा 18 होलांचा, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खळग्यांचा, डाव सुमारे चार तास चालतो आणि बहुधा चौघे जण तो एकत्र खेळतात. इतका निवांत सहवास व्यवसायात एरवी मिळत नाही, आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीत लहान उद्योग चालवणाऱ्या माझ्यासारख्या महिला त्यापासून दूरच राहतात.

गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा स्टिक हाती घेतली, तेव्हा चेंडू जेमतेम चार हात सरकला. पण सोबतच्या सनदी लेखापाल ताईंनी माझा डावा अंगठा दांड्यावर नीट टेकवून दिला, आणि पुढे त्यांच्याच सल्ल्याने कर्जाची बोलणी मी न घाबरता केली. हँडिकॅप पद्धतीमुळे, म्हणजे कौशल्यानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीमुळे, नवखी खेळाडूही मुरलेल्यांशी बरोबरीने खेळू शकते, हे मला फार मोलाचे वाटते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, तेव्हा आपण सर्वांनी कौतुक केले. शिकण्याचा खर्च मात्र अनेकींच्या आवाक्याबाहेरच आहे.

नागपूर परिसरातील क्लबांनी आठवड्यातील एक सकाळ नवशिक्या महिलांसाठी राखावी, स्टिक भाड्याने द्याव्यात आणि उन्हाळ्यात सहाच्या आत खेळ सुरू करावा, कारण दिवस चढल्यावर विदर्भाचे ऊन मैदानात उभे राहू देत नाही.

आपली विश्वासू,
एक लघुउद्योजिका, धरमपेठ, नागपूर