सदस्यांसाठी सूचना : पुढील चर्चेचा विषय ‘रसद’

सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, पुढील अनौपचारिक चर्चा युद्धातील रसदपुरवठ्यावर होईल. १८१२ मध्ये रशियात शिरलेल्या नेपोलियनच्या सैन्याची मोठी हानी कडाक्याची थंडी पडण्यापूर्वीच, उन्हाळ्यातील रोगराई, उपासमार आणि चाऱ्याविना कोसळलेले घोडे यांमुळे झाली होती; हे ध्यानात ठेवून, विज्ञानकथांतील अंतराळ आरमारे इंधन आणि अन्न कोठून आणतात, हा प्रश्न प्रत्येकाने अवश्य विचारावा, कारण चर्चेला खरी रंगत तिथेच येते. राजकारणावर बोलू इच्छिणाऱ्यांनी पृथ्वीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास मनाई करणारा १९६७ चा अंतराळ करार वाचून यावे. मतभेद मोकळेपणाने मांडावेत. मात्र पक्षीय निष्ठेवरून कोणाही सदस्याची उणीदुणी काढू नयेत.