जांभ्याच्या भिंतीला सिमेंट नको

संपादक महोदय,

पाऊस उघडला की रत्नागिरीत जुन्या वास्तूंच्या डागडुजीला सुरुवात होते. थिबा राजवाड्यासारखी मोठी वास्तू असो की टिळक आळीतले एखादे जुने घर, भिंत जांभ्याची असेल तर काही गोष्टी पाळाव्याच लागतात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले. राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला, म्हणजे त्याला तो जेमतेम सहा वर्षे लाभला. भाट्याच्या खाडीवरचा खारा वारा मात्र त्या भिंती शंभरावर वर्षे झेलत आहेत.

जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. दोन चिऱ्यांमधल्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांमधल्या, दर्जा (सांधे) चुन्याच्या असतील तर हा ओलावा दर्जांतून निघून जातो. झिजते ती दर्ज, आणि ती पुन्हा भरता येते. सिमेंटने दर्ज बुजवली की पाण्याला चिऱ्यातूनच बाहेर पडावे लागते. त्याबरोबर आलेले मीठ चिऱ्याच्या पृष्ठभागाखाली साकळते, त्याचे स्फटिक फुगतात आणि काही पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधला चिरा वाटीसारखा खोल गेलेला, अशी भिंत कोकणात शोधायला फार लांब जावे लागत नाही. वरून प्लास्टिक रंग चढवला तर दुखणे फक्त झाकले जाते.

जुनी दर्ज छिन्नीने, हलक्या हाताने, रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळी करावी. ग्राइंडर नको, चिऱ्याच्या कडा कापल्या जातात. धूळ काढून भिंत गोड्या पाण्याने भिजवावी. चुना विरवून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवलेला असावा; कोरड्या चुन्याची उघडी पडलेली पिशवी हवेनेच निकामी होते. एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली नदीची वाळू पुरते. सतत ओल असलेल्या जागी एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड) आणि दोन भाग वाळू बरी. वाळू खाडीची घेऊ नये, नाहीतर मीठ आपणच भिंतीत भरतो. काम झाल्यावर ओले गोणपाट टांगून आठवडाभर सावलीत ठेवावे. चुना उन्हात भराभर सुकला की भुगा होतो आणि धो धो पावसात वाहून जातो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. बदलायचा चिरा खाणीतून आल्या आल्या बसवू नये. निदान तीन महिने उघड्यावर मुरू द्यावा.

भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढणे ही सर्वांत महाग चूक. मूळ चुन्यासकट चिराही हलवते. आधी खोड कापावे, मूळ मारावे आणि वाळल्यावरच दर्ज उघडावी.

भिंतीइतकेच भोवतालच्या जमिनीकडेही बघा. सुशोभीकरणाच्या नावाखाली जोत्याला टेकवून पेव्हर ब्लॉक बसवतात, दरवेळी थर चढत जातो आणि एक दिवस अंगण जोत्याच्या वर येते. मग छपराची पागोळी सरळ भिंतीत मुरते. जोत्यालगत मीटरभर पट्टा खडीचा मोकळा ठेवावा आणि पुढच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, चाळीस फुटांत एक फूट तरी. कौले मेअखेरीस परतून घ्यावीत. पन्हळीतला पालापाचोळा मात्र पावसाळ्यातही दर पंधरवड्याला काढावा लागतो, कारण एक तुंबलेली पन्हळ एका पावसात जेवढी भिंत भिजवते तेवढी पागोळी वर्षभरातही भिजवत नाही.

हे काम चौरस मीटरच्या दराने दिले की कंत्राटदाराला घाई होते आणि चुना घाईत बसत नाही. निविदेत वाळूची जात, चुना किती दिवस मुरलेला आणि ओलावा किती दिवस ठेवायचा हे लिहूनच घ्यावे. बिल देण्यापूर्वी बोटाच्या पेराने गिलावा ठोकून पाहावा. बद्द आवाज आला तर तेवढा भाग पुन्हा करायला सांगावा.

– जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही जण, रत्नागिरी