आधी तो कोणाकडे होता?

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जुना राउटर ७०० रुपयांत आणलास हे काल किती आनंदाने सांगत होतीस, आणि मी मात्र ‘आधी तो कोणाकडे होता?’ एवढेच विचारत राहिलो. तू रागाने फोन ठेवलास, म्हणून लिहितो.

इंटरनेटची वायर जोडण्यापूर्वी, राउटर चालू असताना, मागच्या बारीक भोकात टाचणी घालून आतले बटण साधारण १० सेकंद दाबून धर, म्हणजे आधीच्या मालकाचे पासवर्ड आणि सेटिंग पुसले जाईल. कोणी डीएनएसचे, म्हणजे नावावरून संकेतस्थळ शोधून देणाऱ्या यंत्रणेचे, पत्ते बदलून ठेवले असतील, तर तू बँकेचे नाव अचूक टाइप केलेस तरी भलत्याचेच पान उघडू शकते. मग तळाच्या चिठ्ठीवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये उघडून ॲडमिनचा पासवर्ड बदल, कंपनीच्याच संकेतस्थळावरून नवे फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, घाल, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवड, आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट वायफाय जोडण्याची सोय) व बाहेरून राउटर हाताळण्याची सोय, दोन्ही बंद ठेव. ॲडॉप्टर त्याचाच आहे ना? ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा लावून नंदूमामाने काय केले ते तुला ठाऊक आहे.

पुन्हा शिकवायलाच बसलो, माफ कर. टेलिफोनचा लाइनमन असताना डीपीच्या, म्हणजे घरोघरच्या तारा जिथून फुटतात त्या, डब्यात टेस्ट फोन लावला की लोकांची बोलणी कानावर पडत. एकदा एक बाई मुलीच्या तापाबद्दल सांगताना रडत होत्या. मी चिमटा लगेच काढला, पण त्यांचे बोलणे कोणी परक्याने ऐकले हे त्यांना कधीच कळले नाही. तुलाही तेव्हा कांजिण्या आल्या होत्या. त्या दिवशी मी लवकर घरी आलो. म्हणून विचारतो, आधी तो कोणाकडे होता.

आठवीत तू मिक्सरचा प्लग स्वतः बदललास, तेव्हा आईबरोबर मीही तुला रागावलो. पण दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये ती गोष्ट मी प्रत्येकाला सांगितली. तुला तेवढी सांगायची राहिली.

चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक मला कळव. कंपनी त्याला अजून अपडेट देते का ते पाहतो. देत नसेल तर नवा घे, पैसे मी पाठवतो, नाही म्हणू नकोस. आणि जमल्यास दुकानदाराला एकदा विचारून बघ.

तुझा,
बाबा