मंडईतल्या मावशींना शोधतोय

१२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आई पुण्यात शनिवार पेठेत नवी सून होती. पुरातून वाचलेलं पितळी पातेलं तिने कल्हई लावून लावून शेवटपर्यंत वापरलं. नातवंडांचा गुळांबा त्यातच व्हायचा (सुनांनी हात लावायचा नाही!).

गेल्या महिन्यात मंडईत तिला चक्कर आली. कोथिंबीरवाल्या मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, रिक्षावाल्या दादांनी मीटरचे पैसेही घेतले नाहीत. रात्री रक्त देणारी दोन पोरं नाव न सांगताच गेली. सगळ्यांचे मनापासून आभार.

आई वाचली नाही. मधे शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, "त्या बाईंची कोथिंबीर सांडली रे, पैसे दिलेस का?"

मावशी, दोनदा येऊन गेलो, भेटला नाहीत. पैसे द्यायचे राहिलेत.