विषय: 'सुपरवर्म ब्रीडिंग किट'मधल्या चुकीच्या कार्डाबद्दल आणि तुमच्या ग्राहक सेवेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,

काल तुमच्या ग्राहक सेवेशी शेवटचं बोलले. यापुढे फोन करणार नाही, जे काय असेल ते लेखी.

माझ्या पाळीव सरड्याला खाऊ म्हणून घालायच्या सुपरवर्म अळ्या घरी वाढवायला मी तुमचं किट घेतलं. त्यात एक छापील कार्ड येतं. त्यावर ठळक अक्षरांत आहे: 'उन्हाळ्यात अळ्या टिकवण्यासाठी डबा फ्रिजमध्ये ठेवा.' मला शंका आली, म्हणून डबा आत ठेवण्याआधी मी फोन केला. तुमच्या माणसाने सांगितलं, "हो मॅडम, कार्डावर आहे तसंच करा, अळ्या झोपून राहतात." केलं तसंच. बाहेर काढल्यावर एकही अळी हलेना. काही तासांत त्या काळ्या पडल्या, मऊ झाल्या, आणि कोंड्याला असा वास सुटला की डबा गच्चीवर नेऊन ठेवावा लागला.

फ्रिजमध्ये टिकतो तो मीलवर्म, ती वेगळ्या जातीची अळी. सुपरवर्म मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण भागातला किडा आहे, त्याला थंडी सोसत नाही. हे मी तुम्हाला सांगावं का? दोन्ही अळ्या तुम्ही विकता. दोघांना एकच कार्ड छापून मोकळे झालात.

आता कालचा फोन. तो जसा झाला तसाच लिहिते, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच.

मी म्हटलं, सगळ्या अळ्या मेल्या. पलीकडून, "सगळ्या?" मी, "सगळ्या." तर तो म्हणतो, "मग मेलेल्याच घाला ना मॅडम. तुमच्या सरड्याच्या पोटात जाऊन मरणारच होत्या." आणि मागे कुणीतरी हसलं. स्पष्ट ऐकू आलं मला. मी आवाज न चढवता विचारलं, तुम्ही पाठवता त्या अळ्या झोफोबास मोरिओच्या, म्हणजे खऱ्या सुपरवर्म, की हार्मोन देऊन वाढवलेल्या टेनेब्रिओ मॉलिटरच्या, म्हणजे मीलवर्म? ते तरी कळू द्या. उत्तर: "मॅडम, किडा म्हणजे किडा." मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितलं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." मग म्हटलं, पैसे परत करा. तर म्हणे, जिवंत मालावर परतावा नाही, आणि "तुम्ही नीट सांभाळल्या नसतील."

नीट सांभाळल्या नसतील! तुमच्याच कार्डाप्रमाणे, तुमच्याच माणसाला विचारून ठेवलेल्या अळ्या!

आणि त्या मेलेल्या घालायच्या कुणाला? माझा सरडा, बिअर्डेड ड्रॅगन जातीचा, अजून वाढीच्या वयात आहे, त्याला रोज किडे लागतात. समोर काही वळवळलं की तो मान तिरकी करून बघतो आणि मग झेपावतो. काळ्या पडलेल्या, सडायला लागलेल्या अळ्या त्याच्यापुढे टाकायला सांगणारा माणूस तुम्ही सरडे पाळणाऱ्यांचे फोन घ्यायला बसवला आहे. सुपरवर्ममध्ये चरबी भरपूर आणि कॅल्शियम कमी, म्हणून कॅल्शियमची पूड लावून, मोजक्याच द्यायच्या असतात. आधी एक-दोन दिवस अळ्यांना गाजर, हिरवा पाला खाऊ घालायचा, कारण त्यांच्या पोटात जे जातं तेच सरड्याच्या पोटात जातं. कॅल्शियम कमी पडलं तर सरड्याची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. बागेतले किडे पकडून घालता येत नाहीत, कुठे काय फवारलंय कुणाला ठाऊक. म्हणूनच माणूस घरी किडे वाढवतो, आणि म्हणूनच तुमच्यासारख्यांवर विसंबतो.

दुसरी गोष्ट, किटच्या नावाची. नाव 'ब्रीडिंग किट', आणि आत एकच मोठा डबा. सुपरवर्म गर्दीत एकमेकींना घासत राहिल्या तर कोषात जातच नाहीत. एकेक अळी छोट्या डबीत वेगळी ठेवायची, मग ती इंग्रजी 'सी'सारखी वळते, तिचा कोष होतो, आणि त्यातून आधी फिकट, मग काळा पडणारा भुंगा निघतो. त्या भुंग्यांनी अंडी घातली की पुढची पिढी. तुमच्या किटमध्ये एकही सुटी डबी नाही आणि कार्डावर याबद्दल एक ओळही नाही. अळ्या फ्रिजमध्ये मेल्या नसत्या तरी त्या डब्यात एकही भुंगा झाला नसता. मग पैसे कशाचे घेतलेत?

माझ्या मागण्या. किटची पूर्ण रक्कम परत करा. सुपरवर्मच्या कार्डावरून फ्रिजची ओळ काढा, आणि ज्यांना ज्यांना हे कार्ड गेलं आहे त्या प्रत्येक ग्राहकाला तसा मेसेज पाठवा. पैशांपेक्षा मला ही मागणी महत्त्वाची आहे, कारण आत्ता या क्षणी कुणीतरी तो डबा फ्रिजमध्ये ठेवत असेल. फोनवर जे बोललं गेलं त्याबद्दल लेखी माफी हवी. आणि अळ्यांची जात पाकिटावर छापा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क तुमच्या वेबसाइटवर असायला हवा. मी शोधला, नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्याच नियमांत आहे. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. महिना उलटला तर पुण्यातच ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही.

तुमच्याकडून मी आधी मीलवर्म घेत होते. माल चांगला असायचा, पॅकिंगला हवेची भोकं असायची, अळ्या टवटवीत यायच्या. मी स्वतः दोन-तीन जणांना तुमचं नाव सुचवलं होतं. त्यांना आज फोन करून 'घेऊ नका' म्हणून सांगितलं आहे.

मेलेल्या अळ्यांचे, कार्डाचे आणि बिलाचे फोटो सोबत जोडले आहेत.

तुमची एक ग्राहक,
पुणे