बॉनेटखालची ती काळी नळी जागेवर आहे का बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून घाईने लिहितोय, जमलं तर जूनच्या आत छापा.

मी दहिसरला राहतो, गाडी पेट्रोलची, दहा वर्षं जुनी. एप्रिलमध्ये सर्व्हिसिंग करून आणली आणि तेव्हापासून घोडबंदरला जाताना गायमुखच्या चढावर एसी चालू असला की गाडी ओढायचीच नाही, दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी वर जायची. गॅरेजवाला म्हणाला क्लच गेलाय, बदलावा लागेल. शेवटी एका रविवारी मीच बॉनेट उघडून बसलो, तर एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे ग्रिलपर्यंत जाणारी काळी प्लास्टिकची नळीच गायब! फिल्टर बदलताना काढली आणि परत लावलीच नाही. म्हणजे महिनाभर इंजिन बाहेरची हवा सोडून रेडिएटरच्या मागची तापलेली हवा ओढत होतं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या दुकानात साडेतीनशे रुपयात तशीच नळी मिळाली. ती बसवायच्या आधी आणि नंतर मी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा छोटा स्कॅनर लावून मोबाईलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघितलं, हायवेच्या ट्रॅफिकमध्ये आधी ६८ डिग्री दाखवत होतं, नंतर त्याच वेळेला, त्याच रस्त्यावर ४५. हवा गरम झाली की पातळ होते, तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो, आणि ६८ वरून ४५ म्हणजे जवळपास ७ टक्के जास्त हवा. वर हवा फार गरम असली की इंजिन टकटक वाजू नये म्हणून आतला कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो, त्यात अजून ताकद जाते. मुंबईत दमटपणा आहेच, बाष्पही ऑक्सिजनची जागा खातं, त्याला आपण काही करू शकत नाही पण नळी तर लावू शकतो ना.

मायलेज वाढेल असं मी सांगणार नाही, हलक्या पायाने चालवताना फारसा फरक नसतो. फरक कळतो तो चढावर, ओव्हरटेक करताना, गाडी भरलेली असताना.

आता तरुण मुलांना कळकळीने सांगायचंय. डबा काढून उघडा गोल फिल्टर लावतात, आवाज भारी येतो म्हणून. पण तो बॉनेटखाली उघडा असला की गरम हवाच घेतो, कंपनीने दिलेला बंद डबा आणि पुढची नळी त्यापेक्षा कितीतरी बरी. काही जण गार हवेसाठी फिल्टर खाली बंपरमध्ये नेतात, आणि हे मुंबईत फार धोक्याचं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पाऊस झाला ते सोडा, साध्या पावसातही हिंदमाताला नाहीतर मिलन सबवेला पाणी भरतं. फिल्टर पाण्यात गेला की इंजिन पाणी ओढतं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलायचं म्हणजे खर्च किती ते विचारूच नका. आणि साध्या विम्यात तो बहुतेक वेळा मिळत नाही, त्याला वेगळं इंजिन कव्हर घ्यावं लागतं. म्हणूनच कंपनी नळीचं तोंड वर, ग्रिलच्या वरच्या कडेला ठेवते, गार हवाही मिळते आणि पाण्यापासूनही लांब.

ते तोंड साफ ठेवा. माझी गाडी सोनमोहोराखाली उभी असते, नवीन नळी लावून पंधरा दिवस झाले नाहीत तर तोंडाशी मूठभर सुकलेली पिवळी फुलं, एक चुरगळलेलं वेफर्सचं पाकीट पण निघालं. ग्रिलवर एक्स्ट्रा लाईट किंवा मोठी पाटी लावून तोंड झाकू नका.

आणि गॅरेजवाल्यांना हात जोडून विनंती, गाडी परत देताना बॉनेट उघडून गिऱ्हाईकाला फिल्टरचा डबा आणि नळी दाखवा, क्लिपा सगळ्या लागल्यात का ते त्याच्यासमोर बघा. दोन मिनिटं लागतात. मी त्या दोन मिनिटांपायी क्लच बदलायला निघालो होतो.

आपला,
एक वाचक, दहिसर